बुलेट ट्रेनचं काम वापीच्या अलीकडे का रखडलं : दोन राज्यांच्या समन्वयाचा एक प्रकरण अभ्यास

मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनचं वापी ते वडोदरा हे २३७ किलोमीटरचं बांधकाम कंत्राट २०२० च्या अखेरीस लार्सन अँड टुब्रोला मिळालं. रक्कम २४,९८५ कोटी रुपये. याच मार्गाचा महाराष्ट्रातला जमिनीवरचा तुकडा म्हणजे शिळफाटा ते झरोळी, १३५ किलोमीटर. तोही त्याच कंपनीला मिळाला, पण जुलै २०२३ मध्ये. मार्ग एक, मालक कंपनी एक, कर्ज देणारा देश एक, कंत्राटदारही तोच. तरी राज्याची हद्द ओलांडताच जवळपास पावणेतीन वर्षांचा फरक पडला.

या फरकाची दोन तयार उत्तरं आपल्याकडे फिरत असतात. महाविकास आघाडी सरकारने प्रकल्प अडवला, हे एक. आणि हा प्रकल्प मुळात गुजरातच्या सोयीचा होता, म्हणून महाराष्ट्रात रखडला, हे दुसरं. दोन्हींत तथ्य आहे, पण भूसंपादनाचे आकडे क्रमाने लावून पाहिले की दोन्ही अपुरी पडतात.

मांडणी कशी होती

५०८ किलोमीटरच्या या मार्गापैकी सुमारे ३४८ किलोमीटर गुजरातमध्ये, १५६ महाराष्ट्रात आणि उरलेले चार दादरा-नगर हवेलीत आहेत. बारा स्थानकांपैकी मुंबई, ठाणे, विरार आणि बोईसर ही चार आपली. वापी, बिलिमोरा, सुरत, भरूच, वडोदरा, आणंद, अहमदाबाद आणि साबरमती ही आठ गुजरातची. मंजुरीच्या वेळी खर्च १ लाख ८ हजार कोटी धरला होता. त्यातले सुमारे ८१ टक्के जपानच्या 'जायका' संस्थेचं कर्ज, व्याज ०.१ टक्का, मुदत ५० वर्षं आणि परतफेडीला पहिली १५ वर्षं सवलत.

अंमलबजावणीसाठी फेब्रुवारी २०१६ मध्ये नॅशनल हाय स्पीड रेल कॉर्पोरेशन ही कंपनी स्थापन झाली. तिच्या भांडवलात केंद्राचे १० हजार कोटी आणि दोन्ही राज्यांचे प्रत्येकी पाच हजार कोटी. समन्वयाची व्यवस्था म्हणून हे चांगलंच वाटतं. तिघांचे पैसे अडकलेले, तिघांना संचालक मंडळात जागा. त्यामुळे कुणी अडून बसणार नाही, असा हिशेब.

या समान वाट्यावर महाराष्ट्रात खूप टीका झाली: किलोमीटर निम्म्याहून कमी, स्थानकं निम्मी, मग पैसे बरोबरीने का? मला हा आक्षेप फार वजनदार वाटत नाही. वांद्रे-कुर्ला संकुलातलं भूमिगत स्थानक (३,६८१ कोटींचं कंत्राट) आणि तिथून शिळफाट्यापर्यंतचा २१ किलोमीटरचा बोगदा (सुमारे ६,४०० कोटी) हे मार्गातले सर्वांत अवघड आणि दर किलोमीटरला महाग भाग महाराष्ट्रातच आहेत. खर्चाच्या प्रमाणात वाटा ठरवायचा म्हटला असता, तर तो आपल्याला स्वस्त पडला असता असं नाही.

खरं दुखणं वेगळं होतं. केंद्राने आधी ज्या मार्गाचा प्राथमिक अभ्यास करून घेतला, तो पुणे–मुंबई–अहमदाबाद असा होता. घाटातला खर्च आणि पैशांची चणचण यांमुळे पुण्याचा भाग गळाला. त्याबरोबर महाराष्ट्रातल्या कुठल्याही सरकारला आपल्या मतदारांसमोर ठेवता येईल असा सर्वांत मोठा फायदाही गेला. उरले ठाणे आणि पालघर जिल्हे. तिथल्या माणसाची रोजची मागणी म्हणजे विरार-डहाणू लोकल वाढवा. अहमदाबाद त्याच्या रोजच्या प्रवासात नाही.

मांडणीतली दुसरी अडचण कायद्याची होती. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानुसार एकाहून जास्त राज्यांत पसरलेल्या प्रकल्पासाठी सक्षम सरकार म्हणजे केंद्र सरकार. केंद्राने मात्र हे अधिकार राज्यांकडे सोपवले. व्यवहार म्हणून ते बरोबरच होतं. सातबारा, मोजणी, तलाठी, प्रांत ही सगळी यंत्रणा राज्याची, दिल्लीहून ती चालवणार कोण? पण त्यामुळे एकाच मार्गासाठी दोन कार्यपद्धती, दोन दरपत्रकं आणि वाटाघाटीचे दोन रिवाज तयार झाले. कंपनीने आराखडा काढायचा, पैसे भरायचे, आणि जमीन हातात येण्यासाठी दोन वेगळ्या महसूल खात्यांच्या दारात उभं राहायचं.

गुजरातमध्येही विरोध होता

गुजरातेत सगळं गोडीगुलाबीने झालं, असं आपल्याकडे सर्रास मानलं जातं. तसं झालं नाही. सुरत, नवसारी आणि वलसाड भागांतले शेतकरी मोबदल्यावरून बराच काळ लढले. तिथला सरकारी जमीनदर, म्हणजे जंत्री, २०११ पासून बदललेला नव्हता आणि मोबदला त्याच जुन्या दरावर निघत होता. शंभराहून अधिक शेतकऱ्यांनी उच्च न्यायालयात याचिका केल्या. त्यांच्या मुद्द्यांपैकी एक थेट आपल्या विषयाचा होता: प्रकल्प दोन राज्यांतला आहे, तेव्हा गुजरात सरकारला ही जमीन घेण्याचा अधिकारच नाही. दुसरा मुद्दा गुजरातने २०१६ मध्ये केलेल्या कायदादुरुस्तीवर होता. अशा प्रकल्पांना सामाजिक परिणामांच्या अभ्यासातून सूट मिळाली होती, तिला त्यांनी आव्हान दिलं होतं. सप्टेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने याचिका फेटाळल्या. मोबदला वाढवून मागण्याची वाट मात्र शेतकऱ्यांना मोकळी राहिली.

फरक असा, की गुजरातमध्ये भांडण बहुतांशी एकाच प्रश्नावर येऊन थांबलं: भाव किती? त्यावर मुख्यमंत्र्यापासून प्रांतापर्यंत सगळ्यांची दिशा एक होती. भाव ठरला की जमीन मिळाली. जपानी कर्जदात्यांना, रेल्वेला आणि कंत्राटदारांना तिथे एकच पत्ता पुरला.

पालघरची जमीन

महाराष्ट्रात मार्गाचा सर्वांत लांब भाग पालघर जिल्ह्यातून जातो, सत्तरच्या आसपास गावांतून. जिल्ह्याचा मोठा भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. तिथे पेसा कायदा लागू आहे आणि ग्रामसभेला विचारल्याशिवाय जमीन घेता येत नाही. भूमिसेना, आदिवासी एकता परिषद आणि कष्टकरी संघटना या संघटना इथे जुन्या आणि मुरलेल्या. गावोगावच्या ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले, मोजणीला आलेली पथकं परत पाठवली. डहाणू तालुक्यात आणखी एक दार आहे. १९९१ पासून हा तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून अधिसूचित आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ मध्ये त्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमलं गेलं. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी बरीच वर्षं त्याचे अध्यक्ष होते. त्यांच्या काळात मोठमोठ्या प्रकल्पांना तिथे उत्तरं द्यावी लागत.

हा विरोध फक्त बुलेट ट्रेनला होता, असंही नाही. याच तालुक्यांतून समर्पित मालवाहू रेल्वेमार्ग जात होता आणि मुंबई–वडोदरा द्रुतगती महामार्गही. तिघांसाठी जमीन घेणाऱ्या संस्था वेगळ्या, कायद्यातली कलमं वेगळी, कामाचा वेग वेगळा. एका गावात वर्षभराच्या अंतराने तीन पथकं मोजणीला येतात, तेव्हा गावकरी तिघांना एकच समजतात आणि ते चुकत नाहीत. या तिन्ही प्रकल्पांचं पुनर्वसन एका टेबलावर आणायचा गंभीर प्रयत्न झाला असता, तर प्रशासनाचे कष्टही वाचले असते. वनपट्ट्याच्या दाव्यांचंच बघा. ज्याचा पट्टा अजून मंजूर झालेला नाही, तो जमीन कसतो पण कागदावर कुठेच नसतो. एका प्रकल्पासाठी हा प्रश्न सोडवला असता, तर बाकी दोघांसाठीही सुटला असता.

कंपनीने हळूहळू पवित्रा बदलला. मोबदल्याबरोबर गावाला काय हवं, हे विचारायला सुरुवात झाली. कुणी तळं मागितलं, कुणी रुग्णवाहिका, कुणी डॉक्टर. चिकूच्या आणि आंब्याच्या बागांसाठी झाडांचं वेगळं मूल्यांकन व्हावं, हा वाद बराच काळ चालला. आणि महाराष्ट्राकडे थेट खरेदीचा मार्ग होता. २०१५ च्या शासन निर्णयानुसार सक्तीच्या संपादनाऐवजी संमतीने जमीन दिली, तर मोबदल्यावर २५ टक्के जास्त मिळतात. पालघर-ठाण्यात प्रत्यक्षात जी जमीन मिळाली, तिच्यात या वाटेने आलेली बरीच आहे.

आकडे काय सांगतात

नोव्हेंबर २०१९ मध्ये उद्धव ठाकरे मुख्यमंत्री झाले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी प्रकल्पाचा फेरआढावा जाहीर केला. फेब्रुवारी २०२० मध्ये एका मुलाखतीत त्यांनी त्याला पांढरा हत्ती म्हटलं. २०२० च्या अखेरीस महाराष्ट्रातली जेमतेम पाव भाग जमीन ताब्यात होती. गुजरातेत तोवर नव्वद टक्क्यांच्या पुढे मजल गेली होती. त्याच डिसेंबरात रेल्वे मंडळाच्या अध्यक्षांनी सांगून टाकलं, की महाराष्ट्रात जमीन मिळाली नाही तर पहिल्या टप्प्यात गाडी अहमदाबाद ते वापी एवढीच धावेल.

इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. पुढचा आकडा मात्र क्वचित सांगितला जातो. जुलै २०२२ च्या आसपास, म्हणजे सरकार बदललं तेव्हा, महाराष्ट्रातली ७० टक्क्यांहून जास्त जमीन ताब्यात आलेली होती. म्हणजे पावभागापासून पाऊण भागाजवळचा प्रवास झाला तो प्रकल्पाला पांढरा हत्ती म्हणणाऱ्या मुख्यमंत्र्यांच्या काळात, आणि त्यात करोनाची दोन वर्षं. मंत्रालयातून उत्साह नसतानाही ठाणे-पालघरची महसूल यंत्रणा थेट खरेदीचे करार करत होती, मोबदल्याचे निवाडे देत होती.

मग अडलं कुठे? हेक्टर वाढत होते, पण नेमके तेच हेक्टर येत नव्हते ज्यांच्याविना कंत्राट देता येत नाही. माझ्या मते या प्रकरणाचा गाभा हाच आहे.

नऊ दशांश हेक्टर

वांद्रे-कुर्ला संकुलातल्या स्थानकासाठी जमिनीच्या वरच्या पातळीवर लागणारी जागा जेमतेम ०.९ हेक्टर. मालकी एमएमआरडीएची (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), म्हणजे राज्य सरकारचीच. ना शेतकरी, ना ग्रामसभा. तरी ती जितकी अडली, तितकी संपूर्ण मार्गावर दुसरी कुठलीच जागा अडली नसेल.

याचं कारण प्रकल्पाच्या आधीपासूनचं आहे. त्या परिसरात महाराष्ट्राला आंतरराष्ट्रीय वित्तीय सेवा केंद्र उभं करायचं होतं. देशातलं असं पहिलं केंद्र २०१५ मध्ये गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीत झालं. म्हणजे मुंबईने आपल्या वित्तीय केंद्राची जागा एका अशा गाडीला द्यायची, जी थेट त्या प्रतिस्पर्धी राज्याकडे जाते! राजकीय भाषणासाठी याहून चांगला मुद्दा कुणाला मिळणार? तोडगा निघाला तो तांत्रिक: स्थानक जमिनीखाली, वर इमारत बांधता येईल असं. त्यानंतरही त्या जागेवर पेट्रोल पंप होता, आणि पुढे करोना रुग्णालय उभं राहिलं. स्थानकाच्या कामाची निविदा निघाली, मुदतवाढी मिळाल्या आणि जागाच नसल्याने शेवटी ती रद्द झाली. जुलै २०२२ मध्ये एकनाथ शिंदे यांच्या सरकारने राहिलेल्या मंजुऱ्या दिल्या आणि त्याच महिन्यात निविदा पुन्हा निघाली. मार्च २०२३ मध्ये करार झाला.

आता बोगद्याकडे पाहा. वांद्रे-कुर्ला संकुल ते शिळफाटा, त्यातले सात किलोमीटर ठाणे खाडीखालून. बोगदायंत्र खाली उतरवायला आणि वर काढायला मोठ्या विहिरी, म्हणजे शाफ्ट लागतात. त्यातला एक संकुलातच आणि दुसरा विक्रोळीत, गोदरेज अँड बॉइसच्या जागेवर. विक्रोळीची ती जागा चार हेक्टरांहून थोडी कमी. निवाडा २६४ कोटींचा. गोदरेज कंपनी उच्च न्यायालयात गेली. फेब्रुवारी २०२३ मध्ये याचिका फेटाळली गेली आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप नाकारला. जून २०२३ मध्ये बोगद्याचं कंत्राट अफकॉन्सला गेलं. म्हणजे दोन जागा, मिळून पाच हेक्टरांच्या आत. त्यांच्यावर २१ किलोमीटरचा बोगदा अवलंबून. आणि बोगद्याविना ठाण्यापासूनचा पुढचा मार्ग मुंबईला जोडला जात नाही.

नियोजनकर्त्यांनी २०१६ मध्ये एक साधा तक्ता केला असता, कुठल्या तुकड्यावर किती किलोमीटर अडतात याचा, तर वांद्रे-कुर्ला संकुल आणि विक्रोळी पहिल्या दोन ओळींत आले असते. त्या दोन जागांचा व्यवहार कंपनी स्थापन होतानाच, राज्याच्या भांडवली वाट्याशी जोडून, लेखी पक्का करता आला असता. राज्याने पाच हजार कोटींची हमी दिली, पण स्वतःच्या मालकीच्या भूखंडाची तारीख दिली नाही. संचालक मंडळात राज्याचा प्रतिनिधी होता. एमएमआरडीएचा भूखंड मोकळा करून द्यायचा अधिकार त्याच्याकडे नव्हता.

महापालिकांचंही असंच. शीळ भागातली थोडी जागा देण्याचा प्रस्ताव ठाणे महापालिकेच्या महासभेत पुन्हा पुन्हा तहकूब होत राहिला. तिथे सत्ताधारी शिवसेना. राज्य, महापालिका आणि राज्याचं प्राधिकरण हे तीन वेगळे पक्षकार आहेत, हे दोन राज्यांच्या समन्वयाची आखणी करताना लक्षातच घेतलं गेलेलं दिसत नाही.

उशिराने झालेलं बरं

सगळा उशीर वाया गेला असं म्हणणं अन्यायाचं होईल. पहिल्या आराखड्यात कांदळवनांतली सुमारे ५३ हजार झाडं तोडावी लागणार होती. ठाणे स्थानकाची मांडणी बदलून आणि इतर फेरफार करून तो आकडा सुमारे २२ हजारांवर आला. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या तोडीला परवानगी दिली. ठाणे खाडीत फ्लेमिंगो अभयारण्य आहे, म्हणूनच मार्ग खाडीवरून न नेता खालून नेलेला. पर्यावरणवाद्यांनी आणि न्यायालयांनी वेळ खाल्ला, असं प्रकल्पवाले खासगीत म्हणतात. पण ३१ हजार झाडं वाचवणारा आराखडा त्यांच्याच अभियंत्यांनी काढला, आणि तो दबाव आल्यावर.

वापीला मार्ग तोडून पुढे जाण्याचा निर्णयही मला शहाणपणाचा वाटतो, जरी तेव्हा तो महाराष्ट्राला धमकी म्हणून दिला गेला. गुजरातच्या भागात डेपो, खांब, गर्डर, रुळांचं काम असा सगळा अनुभव साचत गेला. जानेवारी २०२४ मध्ये संपूर्ण मार्गाची जमीन ताब्यात आल्याचं जाहीर झालं, तेव्हा महाराष्ट्रात काम करणाऱ्या पथकांपुढे तयार पद्धत होती. त्याची किंमत अशी, की मूळ उद्दिष्ट डिसेंबर २०२३ होतं आणि आता पहिली गाडी गुजरातेतल्या गुजरातेत २०२७ मध्ये धावणार, मुंबईपर्यंतचा पूर्ण मार्ग २०२९ च्या अखेरीस, असं सरकार सांगतं. प्रवासीसंख्येचा आणि उत्पन्नाचा अंदाज मुंबईला धरून केलेला. मुंबईशिवायची दोन वर्षं तो कसा पेलतो, हे पाहावं लागेल.

स्थानकाच्या बाहेर

जमीन मिळाली, कंत्राटं दिली, म्हणून राज्याराज्यांतला समन्वय संपला असं नाही. तो आता स्थानकांबाहेर सरकला आहे. वडोदरा आणि अहमदाबादची स्थानकं सध्याच्या रेल्वे स्थानकांवरच उभी राहत आहेत. साबरमतीला मेट्रो, बीआरटी आणि रेल्वे जोडणारी इमारत उभी आहे. महाराष्ट्रातली तीन स्थानकं मात्र आजच्या स्थानकांपासून लांब. 'ठाणे' स्थानक प्रत्यक्षात दिवा आणि डोंबिवलीच्या मधल्या म्हातार्डीत आहे. ठाण्याच्या नौपाड्यातल्या माणसाला तिथे पोहोचायला जो वेळ लागेल, तेवढ्यात गाडी बोईसर ओलांडून गेलेली असेल.

यासाठी जायकाच्या मदतीने साबरमती, सुरत, विरार आणि ठाणे या चार स्थानकांभोवतीच्या विकासाचा एकत्र आराखडा करायचा करार झाला आहे. त्यात केंद्राचं नगरविकास मंत्रालय, दोन्ही राज्यं आणि कंपनी आहेत. गुजरातेत स्थानकाभोवतीच्या विकासासाठी नगररचना योजनेचं, म्हणजे जमिनी एकत्र करून पुन्हा वाटण्याचं तंत्र वर्षानुवर्षं वापरात आहे. महाराष्ट्रात ते कायद्यात आहे, वापर मात्र तुरळक. म्हातार्डीच्या बाबतीत ठाणे महापालिका, शेजारची कल्याण-डोंबिवली महापालिका, एमएमआरडीए आणि मध्य रेल्वे, असे चार जण एका जोडरस्त्यासाठी आणि एका लोकल स्थानकासाठी बोलावे लागतील. बोईसरला तर जोडरस्त्याचा प्रश्न पुन्हा पालघरच्याच गावांच्या जमिनीवर येतो, त्याच ग्रामसभांसमोर.

याच कंपनीकडे मुंबई–पुणे–हैदराबाद आणि मुंबई–नागपूर या मार्गांचे अहवाल तयार करण्याचं काम दिलं गेलं. हैदराबादच्या मार्गात महाराष्ट्र, कर्नाटक आणि तेलंगण अशी तीन राज्यं येतात, तेव्हा तिथे तीन महसूल खाती आणि तीन दरपत्रकं असतील. जमिनीच्या एकूण हेक्टरांचा तक्ता अहवालात असतोच. मला त्यात पहिल्या पानावर पाहायची आहे ती अडकू शकणाऱ्या दहा भूखंडांची यादी: प्रत्येकाचा मालक, सही करणारा अधिकारी आणि ताबा द्यायची तारीख, भांडवलाच्या करारावर सह्या होण्याआधी ठरलेली.